निकालाबरोबर कारणही सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वेळ अमावस्येच्या सुमाराला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंटांच्या बाजाराशेजारी जिल्हा परिषदेचे कृषी आणि पशू प्रदर्शनही असते. तिथून उन्हाळा लागेपर्यंत मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला असे मंडप उभे राहतात. प्रदर्शने वाढली याचा आनंदच आहे. पण बहुतेक मंडपांत काय दिसते? दारात ट्रॅक्टर, आत फवारणी पंप, ठिबकच्या नळ्या, पुढे मसाले, लोणची, गाद्या आणि हिवाळी जॅकेटे. अगदी शेवटी, जनरेटरच्या बाजूला, एका टेबलावर दुधी, मुळा आणि तुरीची दोन झाडे. त्यांवर 'प्रथम', 'द्वितीय' अशा चिठ्ठ्या. प्रथम का आणि द्वितीय का, हे सांगणारे तिथे कोणी नसते. गावोगावच्या युवक मंडळांची पोरे गाड्या लावून घेत असतात, खुर्च्या उचलत असतात, नाहीतर पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या देत असतात.

गणपती, शिवजयंती आणि क्रिकेटचे सामने या मंडळांना उत्तम जमतात, म्हणजे माणसे जमवणे आणि वेळ पाळणे त्यांना येते. त्यांना प्रदर्शनात खरे काम द्यावे, ते पारख करण्याचे. ते कसे द्यायचे, एवढ्यापुरते हे पत्र.

पारख शिकवण्याची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत १९०२ साली ओहायो राज्यात शेतकऱ्यांच्या मुलामुलींची मंडळे सुरू झाली, त्यांतून पुढे 'फोर-एच' चळवळ उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९२१ साली डेव्हन परगण्यातल्या हेमिओक गावात मुलांनी वासरे वाढवण्याचा क्लब काढला, तिथून तरुण शेतकऱ्यांचे क्लब देशभर पसरले. दोन्हीकडे एक स्पर्धा हटकून असते. तिच्यात जनावराला बक्षीस मिळत नाही, जनावर पारखणाऱ्या पोराला मिळते. ती आपल्याकडे जशीच्या तशी घेता येते आणि खर्च जवळपास शून्य आहे.

रीत अशी. एकाच जातीच्या, एकाच वयोगटाच्या चार कालवडी रिंगणात उभ्या करायच्या आणि त्यांना क, ख, ग, घ अशी अक्षरे द्यायची. समजा चारही देवणी, चारही दोन दाती, म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या. मुख्य परीक्षकाने मुले आत येण्याआधी आपला क्रम लिहून पाकिटात बंद करायचा. ही अट सोडू नये, नाहीतर परीक्षकाचे मत कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडते आणि मुले तेच लिहितात. मग मुलांना १५ मिनिटे. आधी वीस-पंचवीस फुटांवरून, बाजूने, मागून, समोरून बघायचे. मग कालवड चालवून बघायची. हात लावून बघणे सगळ्यात शेवटी. आपसांत बोलायचे नाही. पहिल्याच मिनिटाला कालवडीच्या तोंडाजवळ जाऊन उभा राहणारा पोरगा हमखास चुकतो, कारण जवळून चेहरा दिसतो, चाल दिसत नाही.

क्रमाला ५० गुण आणि कारणांना ५०. क्रमाचे गुण देताना परीक्षक शेजारशेजारच्या प्रत्येक जोडीतला फरक आकड्यात सांगतो. समजा त्याचा क्रम ग, क, घ, ख आहे आणि फरक अनुक्रमे ३, ५ आणि २. म्हणजे ग आणि क जवळपास सारख्या, क आणि घ यांच्यात फरक ठळक, घ आणि ख पुन्हा जवळजवळ सारख्या. एखाद्याने पहिल्या दोघींची अदलाबदल केली तर ३ गुण जातात, ४७ उरतात. मधल्या दोघींची केली तर ५ जातात. सगळा क्रम उलटा लिहिला तर सहाही जोड्या चुकतात: ३, ५, २, एक सोडून पुढच्या जोड्यांचे ८ (३ + ५) आणि ७ (५ + २), पहिली-शेवटचीचे १० (३ + ५ + २). बेरीज ३५, हाती १५ गुण. जिथे फरक उघड आहे तिथली चूक महाग आणि जिथे जाणकारांचेही दुमत होईल तिथली स्वस्त, हा यातला न्याय आहे. 'बरोबर की चूक' एवढेच पाहणाऱ्या आपल्या परीक्षापद्धतीला तो थोडा अनोळखी आहे खरा.

उरलेले ५० गुण कारणांचे. मुलाने कागद न बघता दोन मिनिटे बोलायचे आणि प्रत्येक जोडीची तुलना करायची. 'ग चांगली आहे' म्हटले तर शून्य. 'ग ला क च्या वर ठेवली, कारण ग ची पाठ वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत सरळ आहे, मागचे दोन पाय मोकळे पडतात, चारही सड सारख्या अंतरावर आहेत. क उंचीला ग पेक्षा सरस आहे, हे मान्य. पण तिचे मागचे गुडघे आत झुकलेले आहेत, चालताना खूर खुराला घासतो.' असे बोलता आले की गुण. दुसऱ्या क्रमांकाच्या जनावरात काय सरस आहे हेही सांगावे लागते, ही अट फार मोलाची. शेवटी मुख्य परीक्षकाने पाकीट उघडून आपली कारणे माईकवरून सांगायची. बक्षीस न मिळालेला मालकही मग घरी जाताना काहीतरी घेऊन जातो.

जातीची लक्षणे मुलांना आधीच पाठ हवीत. मराठवाड्याला यासाठी बाहेर बघावे लागत नाही. देवणीत तीन रंगप्रकार: अंग पांढरे आणि तोंडाचा काही भाग काळा तो वानेरा, पांढऱ्या अंगाला पोटाच्या बाजूने काळे ठिपके तो बालंक्या, अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवेरा. तिन्ही शुद्ध देवणीच. रंगावरून वर-खाली करणारा परीक्षक बदलावा. लाल कंधारीचा रंग एकसारखा गडद लाल, वळू थोडा अधिक गडद, कपाळ रुंद, डोळ्याभोवती काळे वलय. मराठवाडी म्हशीची शिंगे मानेला समांतर मागे जातात, पण खांद्याच्या फऱ्यापलीकडे जात नाहीत. ती पलीकडे गेली असतील तर म्हैस पंढरपुरीकडे झुकलेली आहे. असे जनावर कितीही देखणे असले तरी 'मराठवाडी' गटात नंबर देऊ नये. उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी असते. तिच्यात जुळे देण्याचा गुण बघायचा असेल तर शेळीसोबत तिची करडेही रिंगणात आली पाहिजेत, नुसत्या मालकाच्या शब्दावर गुण नकोत.

वयोगट दातांवर पाडावेत. दुधाचे दात असतील तर आदत, दोन दाती साधारण दोन ते अडीच वर्षांचे, चार दाती तीनच्या आसपास, सहा दाती साडेतीन-चारचे, जुळलेले साडेचार-पाचचे. दात उघडून बघायला प्रवेशद्वारावरच पशुवैद्यक बसवावा. रिंगणात आल्यावर गट बदलायला सांगितले की भांडणे होतात. वजनकाटा नसेल तर शिवणकामाचा टेप पुरतो. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत, भागिले ६६०: उत्तर किलोत येते. घेर ६६ आणि लांबी ५४ असेल तर ३५६ किलो. टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून घ्यावा, जनावर चारही पायांवर सरळ उभे असावे. घेराचा वर्ग होत असल्याने तिथली एक इंचाची चूक इथे दहा-अकरा किलोला पडते.

आता बिघडते कुठे ते. दूध स्पर्धा सगळ्यात जास्त बिघडते. आदल्या धारा चुकवून, दूध तुंबवून गाय आणली जाते. कास टच्च दिसते, माप जास्त भरते आणि आठ दिवसांत जनावर कासदाहाने आजारी पडते. उपाय जुना आणि सोपा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला समितीसमोर सगळ्या जनावरांच्या कासा पूर्ण रिकाम्या करून घ्यायच्या आणि ते दूध मोजायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या धारा मोजायच्या, तेही किलोत. लिटरच्या मापात फेस फसवतो. रात्री गोठ्यावर युवक मंडळाची दोन-दोन पोरे पाळीने बसवावीत, पान्ह्याचे इंजेक्शन देताना कोणी दिसले तर जनावर बाद.

शेळ्यांत दुसरीच तऱ्हा. वजन वाढवण्यासाठी आदल्या दोन दिवसांत मका, ज्वारी, गहू हवा तेवढा खाऊ घालतात. सवय नसलेल्या पोटात एवढे धान्य गेले की आम्ल वाढते, शेळी रवंथ बंद करते, पोट फुगते. पहिल्या बक्षिसाची शेळी टेम्पोतच पडली, असे होऊ शकते. म्हणून वजन सकाळी, चारा-पाण्याआधी घ्यावे. भरल्या पोटी मोठ्या शेळीच्या वजनात दोन-तीन किलोचा फरक सहज पडतो.

रोगाची भीती खरी आहे. २०२२ साली लम्पी पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद करावी लागली होती. कानात १२ अंकी बिल्ला आणि किमान तीन आठवडे आधी झालेल्या लसीकरणाची नोंद, यांशिवाय जनावर आत घेऊ नये. लस आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. एकच हौद सगळ्यांना पाजायला ठेवला की लाळ्या-खुरकुताला आमंत्रण, तेव्हा मालकाने आपली बादली आणावी. दाराशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात (१० लिटरला ४०० ग्रॅम) भिजवलेले गोणपाट अंथरावे आणि ते दिवसातून तीन-चार वेळा पुन्हा भिजवावे. सुकलेले गोणपाट नुसते पायपुसणे असते.

आणि एक विनंती: सत्कार जनावरे उन्हात उभी असताना उरकू नयेत. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार यांत दीड तास जातो. वळूला त्याचे सोयरसुतक नसते. तो तासाभरात दावे तोडायला लागतो आणि मग त्याच्यावर 'मारका' असा शिक्का बसतो.

पिकांच्या टेबलाचे दुखणे वेगळे. तिथे मोठे म्हणजे चांगले असा समज आहे. हातभर मुळा कापला तर आत पोकळ निघतो. वीतभर भेंडीचे टोक चुटकीने मोडत नाही, म्हणजे ती जून झाली. प्रत्येक गटासाठी नगांची संख्या आधी ठरवावी: मोसंबी ५, कांदे ५, भेंडी १०, ऊस ५. गुण मुख्यतः सारखेपणाला द्यावेत, कारण एक मोठा नग कुठेही सापडतो, पाच सारखे नग काढायला पीक हाताखाली असावे लागते. मोसंबी कात्रीने, थोडे देठ ठेवून काढलेली असावी. ओढून तोडली की देठाजवळ साल फाटते आणि दुसऱ्या दिवशी तिथून फळ कुजायला लागते. उसाची गोडी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर बुंधा, मध्य आणि शेंडा अशा तिन्ही ठिकाणी पाहावी. बुंध्याला भरघोस आणि शेंड्याला पाणचट असेल तर ऊस पक्व नाही.

तुरीचे कार्ड नुसते 'तूर' म्हणून लावू नये. वाण, पेरणीची तारीख, जमीन, पाण्याच्या पाळ्या, एकरी बियाणे आणि एकरी उतारा, एवढे कार्डावर हवेच. बीएसएमआर ७३६ ची तांबडी तूर आणि बीडीएन ७११ ची पांढरी तूर एका गटात ठेवली तर परीक्षक रंगाला भुलतो.

सोयाबीनच्या नमुन्यात मात्र तरुणांना सगळ्यात जास्त शिकता येईल, कारण ते पुढे थेट आडत्याच्या दुकानात उपयोगी पडते. आज स्पर्धेला येतो तो घरी बायकांनी सुपात निवडलेला एक किलो. त्यावरून शेताबद्दल काहीच कळत नाही. नमुना मंडळाच्या पोरांनी शेतकऱ्याच्या घरी जाऊन, पाच-सहा पोत्यांतून परखीने (पोत्यात खुपसून दाणे काढायच्या पोकळ सळईने) काढावा, एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा तसेच करत एक किलोवर आणावे आणि पिशवी तिथेच सील करावी. मग १०० ग्रॅम वजन करून काडीकचरा, फुटके, किडके आणि सुरकुतलेले दाणे वेगळे करायचे, प्रत्येकाचे वजन घ्यायचे. जेवढे ग्रॅम, तेवढे टक्के. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या हंगामात ओलावा १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला होता. १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळले की ९६.६ किलो भरते, म्हणजे क्विंटलमागे साडेतीन किलोच्या आतबाहेर घट. हा हिशोब ज्याला येतो त्याच्याकडून आडतीत 'माल ओला आहे' म्हणून पाच-सात किलोची कट्टी सहजासहजी कापली जात नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र मंडळाने स्वतःचे घ्यावे, दरवर्षीच्या ढालींच्या आणि स्मृतिचिन्हांच्या खर्चातून ते येईल. लोकांच्या कपाटांत ढालींना तशीही आता जागा उरलेली नाही.

त्याच नमुन्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, सातव्या दिवशी मोजायचे. ७० किंवा जास्त चांगले कोंब आले तर सोयाबीन बियाण्याला योग्य. कमी आले तर बहुधा मळणीत दोष असतो. यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती आपटली की सोयाबीनची पातळ साल तडकते आणि वरून देखणा दिसणारा दाणा जमिनीत कुजतो. उगवणीला गुण ठेवले की टेबलावरचा सगळ्यात चकचकीत नमुना कधी कधी शेवटी जातो. ते मुलांना दिसलेच पाहिजे.

हे सगळे तीन दिवसांच्या प्रदर्शनात शिकवून होत नाही. म्हणून प्रत्येक सदस्याकडे वर्षभराचा एक छोटा उपक्रम हवा: एक कालवड, दोन शेळ्या किंवा दहा गुंठ्यांचा तुकडा, आणि त्याची नोंदवही. शेळीचे वजन दर पंधरा दिवसांनी, सकाळी उपाशीपोटी, ताणकाट्यावर. जंतनाशक कधी दिले, लस कोणती, खुराक किती आणि कितीचा. कापूस असेल तर एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून रोजचे पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर गुलाबी बोंडअळीवर उपाय करण्याची वेळ झाली. लातूर, बीड, धाराशिवकडे २०२२ साली सोयाबीनवर शंखी गोगलगायी आल्या, तसे पुन्हा झाले तर संध्याकाळी बांधाने ओली गोणपाटे टाकायची, पहाटे त्यांखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या आणि किती वेचल्या ते लिहायचे. हे एकट्याच्या शेतात केले तर शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा येतात, पंचवीस पोरांनी एका शिवारात केले तरच उतार पडतो. प्रदर्शनात जनावराला किंवा पिकाला ६० गुण असतील तर नोंदवहीला ४० असावेत. एकाच दिवशी, एकाच शाईने लिहिलेली वही ओळखू येते. परीक्षकाने मधलेच एखादे पान उघडून 'या आठवड्यात वजन कमी का झाले?' एवढे विचारावे.

नोंदणी कोणाच्या नावाने, हाही प्रश्न आहे. घरातल्या शेळ्या बहुतेक ठिकाणी आई किंवा बहीण सांभाळते आणि बक्षीस घ्यायला व्यासपीठावर दादा चढतात. अर्जावर 'जनावर कोण सांभाळते' असा रकाना ठेवावा आणि रिंगणात त्याच व्यक्तीने जनावर फिरवावे. जनावर ओळखीच्या हातात शांत राहते, त्यामुळे खोटे तिथल्या तिथे उघडे पडते.

परीक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न आयोजक विचारतील. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने यांत जाणकार आहेत, आणि हाळी हंडरगुळीच्या बाजारात उभी हयात बैल पारखण्यात गेलेले व्यापारीही आहेत. एका परीक्षकाला सोबत दोन शिकाऊ द्यावेत, ते मंडळातले. शक्यतो परीक्षक दुसऱ्या तालुक्यातला असावा, कारण गावच्या परीक्षकाला निकालानंतरही त्याच पारावर बसायचे असते.

विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे रोजी आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला परभणीत होतो. बियाण्यासाठी तिथे आपली मंडळे जातातच. डिसेंबर-जानेवारीच्या प्रदर्शनाचे नियमपत्रक, म्हणजे गट, नगांची संख्या, गुणांची विभागणी, लसीची अट, हे छापून १७ सप्टेंबरच्या मेळाव्यात वाटता आले पाहिजे. आज ते बहुतेक ठिकाणी प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर, पाहुण्यांच्या फोटोंसह येते. तोवर तुरीला शेंगा भरलेल्या असतात आणि लस टोचायची मुदत संपलेली असते.

आपले,
ग्रामीण युवक मंडळांचे काही जुने कार्यकर्ते,
लातूर व नांदेड जिल्हे